मदत हवी आहे: चुन्याच्या निवळीत बल्ब पेटत नाही

वेंगुर्ल्याची आई: लेकीचं विज्ञान प्रदर्शन परवा आहे. पुस्तकात लिहिलंय, आम्लारीच्या, म्हणजे चुन्यासारख्या बेसच्या, द्रावणातून वीज वाहते. मिठाच्या पाण्यात बल्ब मिणमिणतो, चुन्यात ढिम्म. तारा तपासल्या. काय चुकतंय? लवकर सांगा.

जांभा: ताई, बल्ब कसला? बॅटरी किती व्होल्टची? निवळी घेतलीत की गढूळ पाणी?

वेंगुर्ल्याची आई: टॉर्चचा बल्ब, ९ व्होल्ट. पानाचा चुना चांगला दोन चमचे घातलाय. अजून घालू?

दर्यावर्दी: गो बाय, चुनो कितीय घाल, विरघळणा नाय. कॉस्टिक सोडा घे.

जांभा: दर्यावर्दी, शाळकरी पोरीच्या हातात कॉस्टिक? डोळ्यात शिंतोडा उडाला तर दृष्टी जाईल. चुन्याचं मात्र खरं आहे. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड-पावणेदोन ग्रॅम विरघळतो, बाकीचा तळाशी बसतो. वीज वाहून नेतात ते विरघळलेले कॅल्शियम आणि हायड्रॉक्साइड आयन (विद्युतभार असलेले कण), तळातला साका नाही. टॉर्चच्या बल्बला दोनशे-तीनशे मिलिअँपिअर लागतात, एलईडीला दोन-चारही पुरतात. ४७० ओहमचा रेझिस्टर (वीजप्रवाह मर्यादित ठेवणारा रोध) जोडून एलईडी लावा.

सड्यावरचे सर: धुण्याचा सोडा घ्या. भरपूर विरघळतो, मी वर्गात तोच वापरतो.

जांभा: सर, तो क्षार (सॉल्ट) आहे, आम्लारी नव्हे. लिटमस निळा होईल, पण वीज मुख्यतः सोडियम आणि कार्बोनेट आयन नेणार. परीक्षकांनी विचारलं तर पोर अडकेल.

सड्यावरचे सर: समजावून सांगितलं तर का अडकेल? त्यापेक्षा तिला हे शिकवा: कॉस्टिकचा कोरडा खडा वीज वाहत नाही, ३१८ अंशांना वितळला की वाहतो. आयन मोकळे व्हायला हवेत.



वेंगुर्ल्याची आई: एलईडी आणला, रेझिस्टरही जोडला. तरी पेटत नाही.

दर्यावर्दी: तारो जवळ आण.

जांभा: आणि एलईडीचे पाय बघा. लांब पाय प्लसकडे हवा.

वेंगुर्ल्याची आई: पेटला!! मिठापेक्षा मंद आहे, पण स्पष्ट दिसतोय. तुलनेला डिस्टिल्ड पाणी ठेवू का?

जांभा: जरूर. त्यात पेटायला नको. फक्त तारांची टोकं आधी नीट धुवा, चुना लागलेला राहिला तर फसगत होईल.