सादझा, पेंग्विन आणि न दिसलेला बिबट्या : आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे गेलेल्यांनी इथे लिहा

शेवग्याचीशेंग
आज सकाळी उकड करताना पाण्याचा अंदाज चुकला. इतकी घट्ट झाली की डाव उभा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "भिंतीच्या भेगा बुजवायला ठेव." मी मात्र गॅससमोर एकटीच हसत होते, कारण डोळ्यापुढे झिम्बाब्वेचा सादझा आला.

२०१८ च्या मेमध्ये व्हिक्टोरिया फॉल्सला गेलो होतो. हॉटेलातल्या खाण्याला कंटाळून टॅक्सीवाल्या काकांना म्हटलं, तुम्ही जेवता तिथे न्या. पांढऱ्या मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तो सादझा. सोबत पालेभाजी, आणि भाजीत चक्क दाण्याचं वाटण! मुरिवो उनेदोवी म्हणतात. पहिला घास घेतला आणि मी नवऱ्याकडे बघितलं, तो माझ्याकडे. कूट घातलेली भाजी खायला एवढ्या लांब आलो होय? गोळा हाताने मोडायचा, बोटांनी दाबून खळगा करायचा, त्यात भाजी धरायची. आम्हाला शिकवावं लागलं नाही म्हणून काका खूश.

धबधबा? धबधबा दिसलाच नाही, खरं सांगते. १.७ किलोमीटर रुंद, १०८ मीटर उंच, आणि मेमध्ये झांबेझी इतकी भरलेली की समोर नुसता पांढरा धूर. स्थानिक नाव मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गडगडणारा धूर. भाड्याचा रेनकोट घालूनही आतपर्यंत भिजलो. पण तो आवाज छातीत बसतो.

तुम्हीही लिहा. खाणं, प्राणी, फजिती, काहीही.

जुन्नरचा_बाळू
क्रुगर, दक्षिण आफ्रिकेतलं राष्ट्रीय उद्यान. तीन दिवस. बिबट्या नाही.

घरी परत आलो त्याच आठवड्यात आमच्या उसात बिबट्या. फुकट. गाइडशिवाय.

शेवग्याचीशेंग
@बाळू 😂😂 सविस्तर लिही की रे

जुन्नरचा_बाळू
लिहितो, ट्रॅक्टरची वाट बघतोय तोवर. स्वतः गाडी चालवली, आपल्यासारखंच डावीकडून चालवतात त्यामुळे अवघड नाही. डांबरी रस्त्यावर ५० ची मर्यादा, कच्च्यावर ४०. पार्क केवढं, तर जवळजवळ २० हजार चौ. किमी. आणि ठरलेल्या जागा सोडून गाडीतून उतरायचं नाही. इथेच घोळ. सोबत वडील, वय ७१, साखरेचा त्रास. दर तासाला "बाळ्या थांबव". कुठे थांबवू? झुडपामागे सिंह असला तर? सहलीच्या जागा नकाशावर आधी शोधायचो, प्राणी नंतर.

पहिल्या दिवशी इम्पाला दिसलं की वडील "हरीण हरीण!" तिसऱ्या दिवशी ३०० इम्पाला उभे, वडील घोरत होते. पण पार्कातल्या सटारा कॅम्पच्या जवळ पहाटे सिंहीण रस्त्याच्या मधोमध बसलेली, चार पिल्लं. २० मिनिटं कोणी हॉर्न वाजवला नाही. वडील हळूच म्हणाले, "आपल्याकडे असतं तर मागून यष्टीनं उडवलं असतं."

शेवटपर्यंत विचारत होते, वाघ कुठं आहे. आफ्रिकेत वाघ नसतो हे त्यांना अजून पटलेलं नाही.

केळफूल
वडिलांना माझा नमस्कार सांगा 🙏 आमच्याकडे सासरे मोबाइलवर बघून "हा वाघ" म्हणतात, चित्ता असतो.

उरणची_सुरमई
केपटाऊनच्या बोल्डर्स बीचवर पेंग्विन बघायला गेलो. फोटोत गोंडस दिसतात, पण वासाचं कोणी सांगत नाही. वाऱ्याची दिशा बदलली आणि मला थेट आमच्या बंदरावरचे वाळत घातलेले बोंबील आठवले. मी लहानपणापासून त्यातच वाढले त्यामुळे मजेत, सोबतच्या पुणेकर मैत्रिणी नाकाला रुमाल लावून. ओरडतात गाढवासारखे, अगदी हुबेहूब. एक तर आमच्या पार्क केलेल्या गाडीखाली येऊन बसला होता, निघताना वाकून बघा अशी पाटीच आहे तिथे.

वाईट एकच वाटलं. २०२४ मध्ये त्यांना अतिसंकटग्रस्त यादीत टाकलं. खायचे मासे कमी झालेत, सार्डिन आणि अँचोव्ही. माशांचं गणित आमच्या घरात कळतं, त्यामुळे ते ऐकून पुढचा अर्धा तास गप्पच होते.

टेबल माउंटनला तीनदा गेलो, तिन्ही वेळा केबलकार बंद. वारा. ढगांचा टेबलक्लॉथ खालूनच बघितला.

भ्रमंती७४
+१ वाऱ्याचं. सकाळी पहिल्या केबलकारने जायचं, दुपारची वाट बघायची नाही.

जोबर्गकर
इथे जोहान्सबर्गला ११ वर्षं राहतोय. नव्याने येणाऱ्यांना दोन शब्द. पत्ता विचारला की सांगतील "पुढच्या रोबोला डावीकडे". रोबो म्हणजे सिग्नल. पहिल्या आठवड्यात मी खरंच रोबो शोधत होतो. दुसरं, "जस्ट नाऊ". याचा अर्थ आता सोडून कधीही. आपलं "निघालोच, कोपऱ्यावर आहे", तेच.

आणि डर्बनला जाऊन बनी चाऊ खाल्ला नाही तर गेलात कशाला? अख्खा पाव कापून, पोखरून त्यात रस्सा. ऑर्डर देताना फक्त "क्वार्टर मटण" म्हणायचं. पोखरलेला मऊ तुकडा वर ठेवलेला असतो, आधी तो बुडवून खायचा. चमचा मागितलात तर ओळखू येता.

केळफूल
बनी म्हणजे ससा??? 😱

जोबर्गकर
@केळफूल नाही हो. बनियांवरून नाव पडलं असं इथे सांगतात. राजम्याचाही मिळतो, बायको तोच खाते. १८६० पासून उसाच्या मळ्यांवर आपले मजूर आले, बरेचसे तमिळ, तेलुगू, भोजपुरी. आमच्या वाण्याची चौथी पिढी, हिंदी येत नाही पण घरात कढीपत्त्याचं झाड आहे. पीटरमॅरिट्झबर्गला वाकडी वाट करून गेलो होतो, गांधीजींना ७ जून १८९३ ला गाडीतून उतरवलं ते स्टेशन. साधं, लाल विटांचं. थंडी वाजत होती, जूनच होता.

कोल्हापुरी_कट्टा
पावात रस्सा म्हणजे मिसळच की, ताट वाचवलंय फक्त.

जोबर्गकर
@कट्टा डर्बनमध्ये हे मोठ्याने बोलू नका 😄

रानभूल
चोबे नदी, बोट्स्वाना. संध्याकाळी बोटीतून. हत्तींचा कळप नदी ओलांडत होता, पिल्लू मधे, सोंड तेवढी पाण्याबाहेर, एखाद्या नळीसारखी. मागून एक हत्तीण त्याला कपाळाने ढकलत होती. बोटीत १४ माणसं, कोणी बोललं नाही. देशात १ लाख ३० हजारांच्या आसपास हत्ती, जगात सर्वांत जास्त. पण गावाशेजारी शेती करणाऱ्यांना विचारा, ते वेगळं सांगतात. आमच्या नावाड्याच्या भावाचा मका दोनदा गेला होता.

सीमेवर बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावतात, जनावरांच्या लाळ्या-खुरकतासाठी. बॅगेतलेही बूट काढायला लावले. नवऱ्याचे नवे स्वेडचे होते. तो विषय घरात काढायचा नाही.

शेवग्याचीशेंग
@रानभूल 🙈 मोपानी अळ्या खाल्ल्यास का?

रानभूल
त्याने खाल्ल्या. बूट भिजले त्याच दिवशी. वाळवून तळलेल्या, कांदा-टोमॅटोत. म्हणाला सुकटीसारखं लागतं, फक्त लाकडी. व्हिक्टोरिया फॉल्सला एका हॉटेलात अळी खाणाऱ्याला प्रमाणपत्र देतात, ते आता आमच्या हॉलमध्ये त्याच्या डिग्रीशेजारी लावलंय.

उरणची_सुरमई
सुकटीचा अपमान 😤

भ्रमंती७४
माझी बाकरवडी क्रुगरच्या स्कुकुझा कॅम्पला माकडाने पळवली. झाडावर बसून पाकीट फाडलं, एक चाखली, आणि बाकीची आपल्या भावंडांना न देता सगळी संपवली. पुणेरी निघालं.

केळफूल
@शेवगा ते सादझाचं पीठ इथे मिळतं का? पिवळ्या मक्याचं आहे घरात.

शेवग्याचीशेंग
पिवळ्याचं चालेल गं, चव थोडी वेगळी. आधी थोडं पीठ गार पाण्यात कालवून घे मग उकळतं पाणी घाल, नाहीतर गुठळ्या. झाकण ठेव, हातावर उडतं. मग बाकीचं पीठ थोडं थोडं घालत घोट. दंड दुखले की झालं.

जुन्नरचा_बाळू
ट्रॅक्टर आला. जातो.