सोलापूर–मुंबई विमान: अंतर ३६० किमी, मग तासाच्या वर वेळ कसा काय?

जुळे_सोलापूरकर:
आईला तपासणीसाठी परळला न्यायचंय, म्हणून म्हणलं या वेळी विमानानं जावं, तिला गाडीत जास्त वेळ बसवत नाही. नेटवर बघितलं तर हवाई अंतर ३६० किमीच्या आसपास दाखवायलंय. जेट ताशी ८०० नं जातं म्हणतात, म्हणजे अर्ध्या तासात पोचायला पाहिजे की. पण तिकिटावर तासाच्या वर वेळ लिहिलाय. फिरून नेतात की काय? आणि घर ते दवाखाना असा सगळा हिशोब धरला तर वंदे भारत बरी का विमान?

आसरा_चौक:
अरे तो ८०० चा स्पीड पार उंचावर गेल्यावरचा बे. तिकिटावरची वेळ जागेवरनं हलल्यापासून तिकडं जागेवर थांबेपर्यंतची असते, टॅक्सी (म्हणजे विमानाचं जमिनीवरनं रनवेपर्यंत जाणं-येणं), टेकऑफ, लँडिंग सगळं त्यातच. शिवाय १०,००० फुटांच्या खाली साधारण २५० नॉटचीच मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० किमी. एवढ्याशा अंतरात विमान वर चढतंय न चढतंय तोवर उतरायची तयारी सुरू, ८०० चा स्पीड मिळणार किती वेळ?

खिडकीची_सीट:
+१. आणि खरी गोम मुंबईत आहे. तिथं दोन रनवे आहेत पण ते एकमेकांना छेदतात, त्यामुळं एका वेळी एकच वापरतात आणि सगळ्या देशाची विमानं त्या एकावर. नंबर लागेपर्यंत वर घिरट्या घालायला लावतात कधीकधी. कंपन्या हे धरूनच वेळ छापतात, त्यामुळं रांग नसली की विमान वेळेआधी पोचतं आणि लोक खूश. नेटवरचं अंतर सरळ रेषेतलं, विमान ठरलेल्या मार्गानं जातं आणि रनवेच्या दिशेला वळून येतं, तिथं थोडे किमी वाढतातच.

जुळे_सोलापूरकर:
ओके म्हणजे फिरवत नाहीत, रांगेत उभं करतात 😄 गोव्याचं पण तसंच का? ते तर अजून जवळ आहे.

खिडकीची_सीट:
मोपा, म्हणजे गोव्याचं विमानतळ, सरळ रेषेत ३०० किमी. पण तिकडं जाणारं एटीआर पंख्याचं विमान, ताशी ५०० च्या आसपास, त्यामुळं अंतर कमी असूनही वेळ जवळपास तेवढाच. रस्त्यानं गोव्याला जाऊन बघा म्हणजे तो तास किती गोड लागतो ते कळेल.

होटगी_रोडवाला:
मूळ प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही राव. आपलं विमानतळ होटगी रोडलाच आहे, जुळे सोलापुरातून जवळ, हा मोठा फायदा. दीड तास आधी पोचायचं, विमानात तास-सव्वा तास, मग सामान घेऊन बाहेर यायचं आणि तिथून परळपर्यंत टॅक्सी, ट्रॅफिक असेल तर तासभर तीच खाते. एकूण साडेचार-पाच तास धरा. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमाराला निघते, ४५५ किमीला साडेसहा तास लागतात, पण दादरला थांबते आणि तिथनं परळ हाकेच्या अंतरावर. म्हणजे वाचणार दीड-दोन तासच. तरी आईंना बसवत नसेल तर विमानच घ्या, सलग बसणं तासाचंच होतं. बुकिंग करतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, मुंबईत आत चालायला बरंच लागतं. आणि अपॉइंटमेंट त्याच दिवशीची घेऊ नका, विमान रोज आहे का ते आधी बघा.

जुळे_सोलापूरकर:
व्हीलचेअरचं डोक्यातच नव्हतं, थँक्यू. जाताना विमान, येताना रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, झोपून येईल ती.

आसरा_चौक:
मग येतानाचं लोअर बर्थ आत्ताच काढ, नंतर मिळत नसतंय.