जावयांना 'जावई' म्हणता येत नाही

नौपाड्याची_आजी
आमचे जावई कानपूरचे. राहतात घोडबंदरला. माणूस सोन्यासारखा, मराठीही हौसेने शिकतायत. पण 'जावई'तला ज काही येईना, तिथे 'जीवन'मधलाच ज लावतात. 'चार माणसं' आणि 'गाईला चारा चार' यांतले दोन्ही 'चार' त्यांना एकच! रविवारी ओट्याकडे तोंड करून मी दहादा म्हटलं, कधी हा तर कधी तो. त्यांनी ओळखले पाच. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तरी पाच आलेच असते. बरं, कान तिखट आहेत. बाळ कुशीवर वळलं तरी मुलीच्या आधी ते उठतात. नातू 7 महिन्यांचा आहे, त्याला तरी हा फरक ऐकू येईल ना?

ऐरोलीकर
काकू, दोष कानांचा नाही. आवाज आत शिरला की मन त्याला खणात टाकतं, आणि खण किती ते लहानपणची भाषा ठरवते. हिंदीत च चा खण एकच, मग तुमचे दोन्ही 'चार' तिथेच पडणार.
जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा कॅनडातला 1984 चा प्रयोग आहे. इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. आवाज बदलल्यावर मान वळवली की बाळाला हलतं खेळणं दिसायचं. 6 ते 8 महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. वर्षाच्या आसपास मात्र फारच थोड्यांना. तेव्हा आत्ताच नातवाशी भरपूर बोला, मराठीत.

तलावपाळी_कट्टा
'चमचा' म्हणा, मग 'चमच्याने'. शेवटच्या च ला जीभ दातांमागून वर सरकली ना? 'माझा-माझी'तही तेच. इ, ए, य आला की आपण बिनचूक बदलतो. शाळेत कोणी शिकवलं नाही, लिपीत तर अक्षर एकच.

शुद्धलेखनात_नापास
जावयांना फार छळू नका. 'दिन' आणि 'दीन' आपण तरी कुठे वेगळे ऐकतो? मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाने सहसा अर्थ बदलत नाही, मार्क जातात ते कागदावर. हिंदीवाल्यांना तो फरक पक्का कळतो. त्यांना म्हणावं, आता सासूबाईंची परीक्षा घ्या.

नौपाड्याची_आजी
घेतली हो काल. 'दिन-दीन', दहापैकी सहा. मुलगी अजून हसतेय. नातवापुढे रोज 'चारा चार' चालू आहे. तो मान वळवतो ती कुकरच्या शिट्टीला.