गेम खेळताना बाजूच्या मॉनिटरवर टीव्ही : चोचले का?

बाजेवरचा_गेमर (लातूर)
काल इथं एकानं लिहिलं, "गेम खेळताना शेजारी दुसरा मॉनिटर लावून टीव्ही बघणारे ना धड गेमर ना धड प्रेक्षक, नुसते चोचले." वाचल्यापासून डोक्यात बसलंय म्हणून लिहायलो. आमचं घर दोन खोल्यांचं, टीव्ही गेल्या पावसाळ्यात वीज कडाडली तवा गेला. मी जुना २२ इंची मॉनिटर आणला अन फ्री डिशचा बॉक्स त्याला एचडीएमआयनं थेट जोडला, म्हणजे कॉम्प्युटरचा त्याच्याशी संबंधच नाही, ग्राफिक्स कार्डावर काडीचा लोड नाही. मॉनिटरला स्पीकर नव्हते, मागच्या हेडफोनच्या भोकात साधे स्पीकर खुपसले. आता संध्याकाळी वडील माझ्या मागं बाजेवर बसून बातम्या बघतात, भारताची वनडे असली की डीडी स्पोर्ट्स, मी हेडफोन घालून माझा गेम. त्याआधी आम्ही बापलेक एका खोलीत बसतच नव्हतो. याला चोचले म्हणता?

गोदाकाठ (नांदेड)
लिहिणारा मीच. दादा, तुमच्याकडं बघतात वडील, तुम्ही नाही. मी बोललो ते रँकसाठीचा ऑनलाइन गेम खेळताना स्वतः क्रिकेट मॅच बघणाऱ्यांना. व्हॅलोरंटमध्ये, म्हणजे पाच-पाच जणांच्या गोळीबाराच्या गेममध्ये, आम्ही ११-१२ राऊंडनं मागं, तेरावा गेला की हरलो. आमचा एकच गडी जिवंत, स्पाइक म्हणजे बॉम्ब निकामी करायला बसलेला, अन तिकडं विकेट पडली. पठ्ठ्यानं मान वळवली अन मेला. मॅच गेली, चौघांची पाऊण तासाची मेहनत पाण्यात. अजून राग येतो.

जुना_पीसीवाला (परभणी)
गेममध्ये अडखळतं त्याला दरवेळी माणूस जबाबदार नसतो. एक मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा), दुसरा ६०चा, अन दुसऱ्यावर व्हिडिओ, की विंडोज १० मध्ये गेम झटके खायचा, २०२०च्या मे अपडेटनंतर बरंच सुधारलं. ब्राउझरमध्ये मॅच लावत असाल अन प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स असेल तर दुसरा मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला लावून बघा.

सिंगल_फेज (बीड जिल्हा)
हर्ट्झ अन पोर्ट काय घेऊन बसलात, आधी लाईट कुठंय ते सांगा. आमच्या गावात संध्याकाळी मॅच सुरू व्हायला अन लाईट जायला एकच गाठ. त्यात अजून एक मॉनिटर काहून वाढवायचा?

बाजेवरचा_गेमर
भाऊ, एवढा मॉनिटर २०-२५ वॅट खातो, छताचा साधा पंखा ७५. लाईट काय मॉनिटरमुळं जाते का?

सिंगल_फेज
शहरात बसून वॅट मोजणं सोपं आहे! आमच्याकडं मोटरीला थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की बाप दोन वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला, पिकाला पाणी द्यायला रानात, साप-इंचवाचं भ्या वेगळंच. मी घरी गेम खेळत बसलो तर मलाच लाज वाटते. अन इन्व्हर्टर आहे स्क्वेअर वेव्हचा, लाईट गेली की पंखा गुणगुणतो अन पीसी खाडकन बंद. चोचले शब्दाचा तुम्हाला राग आला, मला तो खरा वाटला.

जुना_पीसीवाला
पीसी बंद पडतो ते खरंय, बऱ्याच चांगल्या एसएमपीएसचं (पीसीच्या आतल्या पॉवर सप्लायचं) स्क्वेअर वेव्हच्या ओबडधोबड करंटशी जमत नाही, घरच्या लाईटसारखा करंट देणारा साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो. ६०० व्हीएचा यूपीएस घेतला तरी त्यावर साधारण ३६० वॅटच चालतात, म्हणून बॅटरीच्या सॉकेटला फक्त पीसी अन मेन मॉनिटर लावा.

सिंगल_फेज
पैसे कुठून आणू ते पण सांगा.

बाजेवरचा_गेमर
भाऊ, रात्रीच्या पाण्याचं मला घरातूनच माहीत आहे, माझे चुलते पण जातात. तुमच्यावर बोलायचं नव्हतं, वॅटचं उगं बोललो. पण वडील थकून आल्यावर दोन तास माझ्याजवळ बसतात, ते मी सोडणार नाही.

गोदाकाठ
बरं, वडलांसाठी असेल तर चोचले शब्द मागं घेतो. पण विकेटवाल्याला मी परत टीममध्ये घेणार नाही.