शब्दचर्चा : कोळी, कातीण आणि माळ्यावरची पाहुणी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक ओढली, तर मागच्या भिंतीवर तळहाताएवढा तपकिरी कोळी पसरलेला. अगदी चपटा, पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना फाकलेले. पोटाखाली पांढरट गोल चकती घट्ट धरलेली. मी झाडू उचलला तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, कातीण आहे ती, अंड्यांवर आहे, मारू नकोस." हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. कातीण म्हणजे कोळीच की वेगळी जात? मादीला कोळीण म्हणतात का? शेजारचा मुलगा फोटो बघून टॅरँट्युला म्हणाला, तेव्हापासून धाकधूक आहे.

उत्तर

ताई, आधी धाकधूक घालवू. हा टॅरँट्युला नाही. ते जाडजूड, केसाळ असतात आणि बिळात किंवा झाडाच्या ढोलीत राहतात. तुमच्याकडची आहे हंट्समन, शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. पाय धरून दहा-बारा सेंटिमीटर भरते, पण धड जेमतेम इंचभर. चपटं अंग फटीत शिरायला. पुढच्या वेळी तोंडाकडे नीट बघा, डोळ्यांखाली फिकट पट्टा दिसेल. दाबली गेली तर चावते, दुखतं, पण माणसाच्या जिवाला धोका नाही. 'विषारी' हा शब्द इथे फसवतो. विष जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना असतं, ते झुरळापुरतं.

आता शब्द. कोळीण म्हणू नका, कोळीण म्हणजे मासे विकणारी बाई. 'कोळ्याचं जाळं' म्हटलं तरी ते होडीतलं की कोपऱ्यातलं हे संदर्भावरूनच कळतं. कोळी म्हटलं की जाळं आलंच, आणि तुमची ही बया तर शिकारीसाठी जाळं विणतच नाही! रात्री भिंतीवर दबा धरून झुरळावर झेप घेते.

कातीण मात्र कातणे वरून. जाळं सगळे कोळी टाकत नाहीत, पण सूत सगळेच काढतात. ती पांढरी चकती नीट बघा, ते कातलेल्या धाग्याचं पाकीट आहे, आत अंडी. म्हणून मला कातीण हा शब्द कोळीपेक्षा अचूक वाटतो, शिवाय स्त्रीलिंगी. तो मागे पडतोय याचं मनापासून वाईट वाटतं. संस्कृतात कोळ्याला ऊर्णनाभ म्हणतात, म्हणजे ज्याच्या नाभीत लोकर आहे तो; मुंडकोपनिषदात तो धागा सोडतो आणि परत घेतो. पण नाभीतून नाही हो, धागा निघतो पोटाच्या मागच्या टोकातून.

आणखी एक

चकतीवरून ओळख पटते हे खरंच. आमच्या परसात पालापाचोळ्यात धावणारे लांडगा कोळी असतात. त्यांची पिशवी वाटोळी, वाटाण्यासारखी, आणि ती मागे चिकटलेली. पिल्लं निघाली की आईच्या पाठीवर बसतात. रात्री कपाळाशी बॅटरी धरून अंगणात बघितलं, की त्यांचे डोळे गवतात दवासारखे चमकतात.

जळमट आणि कोळिष्टक यांतला फरक कुणी सांगेल का? आमच्या घरी जळमट म्हणजे छताला लोंबणारं, धूळ बसलेलं, मालक सोडून गेलेलं. बागेतल्या ताज्या चक्राला मात्र कुणी जळमट म्हणत नाही, ते जाळंच. 'डोक्यातली जळमटं' म्हणतो, 'डोक्यातली जाळी' नाही.

पुन्हा पहिले उत्तर देणारा

फरक छान पकडलात. कोळिष्टकही आमच्याकडे झाडूनेच काढतात, त्यामुळे मी दोन्ही एकच धरतो.

अंगावर पुरळ उठलं की "कातीण फिरली" म्हणतात, त्याबद्दलही सांगतो. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा लालकाळा बारीक भुंगेरा अंगावर चिरडला, तर त्याच्या रसाने तशी फोडांची रेघ उठते. दोष बिचाऱ्या कोळ्याला लागतो. असं झालं तर चोळू नका, साबणपाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न विचारणारी

फिकट पट्टा दिसला! ट्रंक आहे तिथेच ठेवली, माळ्याची साफसफाई पुढे ढकलली. सासूबाईंना विचारलं, सुपारीच्या बागेत पिवळ्याधमक धाग्याचं हातभर जाळं लावून, काळे लांब पाय ताणून बसते तिला काय म्हणता? म्हणाल्या, "तीही कातीणच, पण रानातली. ही घरातली."