कुलूप फोडलेला खेळ म्हणजे जतन केलेला खेळ का?

चकतीवाला
ॲपल टू या जुन्या संगणकाच्या खेळाची क्रॅक केलेली, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप फोडलेली प्रत इम्युलेटरमध्ये (जुन्या यंत्राचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालली की लोक म्हणतात, झालं जतन. मला नाही पटत. १९८०च्या दशकात पोरांनी एका फ्लॉपीत चार खेळ कोंबायचे म्हणून सुरुवातीची चित्रं, मधली दृश्यं छाटून टाकली आणि वर स्वतःची नावं मिरवली. आज नेटवर फिरतंय त्यातलं बरंचसं हेच.

ठेवायचं तर कुलपासकट ठेवा. त्या कुलपात कारागिरी होती. १९७८च्या डिस्क टू या ॲपल टूच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये ॲपलच्या वॉझ्नियाकने सुटे भाग वाचवून बहुतेक काम सॉफ्टवेअरवर टाकलं. चकतीवर डेटा ट्रॅक नावाच्या वर्तुळांत असतो; त्यातला शून्य ट्रॅक ओळखायला सेन्सरसुद्धा नाही, म्हणून चालू करताना वाचणारं हेड मागे आपटत राहतं. तो खर्रर्र आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. हेड कुठे न्यायचं ते प्रोग्रॅमच ठरवणार म्हटल्यावर कंपन्यांनी दोन ट्रॅकच्या मधोमध डेटा लिहायला सुरुवात केली. साधा कॉपी प्रोग्रॅम तिकडे फिरकायचाच नाही.

खवचट
कारागिरी कबूल. पण खेळणार कोण? डीएसके फाइल, म्हणजे डिस्कमधल्या डेटाची साधी प्रत, कुठेही चालते: ३५ ट्रॅक, प्रत्येकी १६ सेक्टर (तुकडे), एकूण १,४३,३६० बाइट, संपलं. तीत कुलूप मावतच नाही, म्हणून फोडावं लागतं. आणि सगळे क्रॅकर छाटणारे नसतात. फोर-ए-एम या टोपणनावाचा गडी काही न कापता, नाव न मिरवता कुलूप काढतो, कसं काढलं तेही लिहून इंटरनेट आर्काइव्हवर ठेवतो.

चकतीवाला
त्याला माझा दंडवत. पण २०१८पासून वॉझ फाइल आहे ना! पाव ट्रॅकपर्यंतचे बिट जसेच्या तसे. ॲपलविन, मेम हे दोन्ही इम्युलेटर ती वाचतात. आता फोडायची गरजच काय?

झाळकाम
'जसेच्या तसे' जरा जपून म्हणा. काही डिस्कवर मुद्दाम कोरा पट्टा सोडलेला असतो. तिथे सिग्नल मिळेना की ड्राइव्हचा ॲम्प्लिफायर गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते) वाढवत नेतो आणि शेवटी खरखरच बिट म्हणून वाचतो. दर वेळी वेगळे बिट. खेळ ती जागा पुन्हा पुन्हा वाचून बघतो. दर वेळी तेच आलं तर ही नक्कल, चला बाहेर! म्हणजे अर्धं कुलूप डिस्कवर नाहीच, ड्राइव्हच्या सर्किटमध्ये आहे. वॉझ फाइलीत त्या जागी नुसती शून्यं असतात, खरखर इम्युलेटर पदरची घालतो. यात अस्सल काय ते सांगा.

न्यू जर्सीकर
भांडा निवांत, माझ्याकडे वेळ नव्हता. गॅरेज सेलमध्ये फ्लॉप्यांचा डबा घेतला, निम्म्यांवर बुरशी. एकीचं पाकीट कडेने कापलं, चकती बाहेर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसली. कापसाचा बोळा तपकिरी झाला. ती घाण नव्हती हो, ऑक्साइड होतं, डेटा धरणारा चुंबकीय थर, म्हणजे खेळच बोळ्यावर येत होता. तशीच ड्राइव्हमध्ये घालून फ्लक्स, म्हणजे चकतीवरच्या चुंबकीय बदलांची कच्ची नोंद, उतरवून घेतला. दुसऱ्यांदा वाचायला गेलो तर निम्मे ट्रॅक गायब. फ्लक्स हाताशी असला की वॉझ बनवा नाहीतर क्रॅक करा, तुमची मर्जी. क्रॅकवरून मूळ डिस्क कशी बनवणार?

खवचट
हे मात्र बिनतोड. फ्लक्स आधी, मान्य. तरी एक डीएसकेही टाकाच, माझ्या भाच्याच्या इम्युलेटरला वॉझ झेपत नाही.

चकतीवाला
भाच्याला इम्युलेटर बदलायला सांगा.