मदत हवी आहे: रॅटमधलं अ‍ॅडहीजन मॉडेल, कंट्रोल ग्रुपच एकसारखा येत नाही

सीकमवाला

नमस्कार मंडळी. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटतात (अ‍ॅडहीजन), ते चिकटणं रोखणाऱ्या एका हायड्रोजेलवर माझं पीएचडीचं काम चालू आहे. मॉडेल नेहमीचंच. रॅटचं पोट उघडून सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवातीची पिशवी) बाहेर काढायचं, कोरड्या गॉजने घासायचं, समोरच्या भिंतीवरून पेरिटोनियमचा (पोटाच्या आतल्या अस्तराचा) छोटा चौकोन काढायचा आणि पोट शिवायचं. सात दिवसांनी उघडून किती चिकटलंय याचा स्कोअर द्यायचा.

घोडं अडलंय ते कंट्रोल ग्रुपवर, म्हणजे जेल न लावलेल्या रॅटवर. एका रॅटमध्ये सीकम भिंतीला असं बसलेलं असतं की कात्रीशिवाय सुटत नाही. शेजारच्या पिंजऱ्यातल्यात सीकम चकचकीत, चौकोनाची जागाही भरून आलेली. कंट्रोलच असा असेल तर जेलने फरक पडला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? गाइड म्हणतात रॅट वाढव. मला वाटतं संख्या वाढवून गोंधळच मोठा होईल.

घासणं एकसारखं कसं ठेवता? की मॉडेलच बदलू? आणखी एक, वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम देतोय, त्याचा परिणाम होतो का?

जुना_टाका

गाइडचं ऐकायची घाई नको. आधी सांगा, घासलेलं सीकम पोटात परत ठेवल्यावर ते त्या चौकोनासमोरच राहतं याची खात्री काय? रॅटचं सीकम ऐसपैस असतं आणि रॅट उठून फिरू लागला की ते सरकतं. दोन दुखावलेले पृष्ठभाग पहिले काही दिवस समोरासमोर राहिले, तरच मधल्या फायब्रिनचा (रक्त गोठताना बनणाऱ्या चिकट धाग्यांचा) पूल टिकतो. तुमच्या चकचकीत सीकमचं उत्तर बहुधा इथेच आहे.

हॅरोल्ड एलिस यांनी १९६२ मध्ये रॅटवरच दाखवलं होतं की पेरिटोनियमचा काढलेला तुकडा न शिवता उघडा सोडला तर तो बहुतेक वेळा काही न चिकटता भरून येतो. ओढून शिवला तर चिकटतं, कारण टाक्याखालचा भाग रक्ताविना गुदमरतो. मेसोथेलियम (पेरिटोनियमवरचा पेशींचा पातळ थर) कडेकडेने सरकत येत नाही, सगळ्या जखमेवर एकाच वेळी ठिकठिकाणी उगवतं. म्हणून मोठी जखमही लहान जखमेइतक्याच दिवसांत, साधारण आठवडाभरात भरते. म्हणजे चौकोन मोठा करून काही साधणार नाही.

उपाय: सीकम एका टाक्याने चौकोनाजवळ अडकवा. टाका घासलेल्या भागावर नको, थोडा बाजूला. बरेच जण असं करतात. घासताना किती वेळा घासलं हे मोजण्यापेक्षा काय दिसतंय ते ठरवा: सीरोजाची (सीकमच्या बाहेरच्या आवरणाची) चमक गेली आणि टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटले की थांबायचं. सगळ्या रॅटवर हात एकाच माणसाचा. आणि सीकम बाहेर उघडं ठेवायचा वेळ घड्याळ लावून सारखा ठेवा. नुसतं कोरडं पडल्यानेही मेसोथेलियम सोलतं.

हातमोजे पावडरवाले नाहीत ना? ती स्टार्च पावडर स्वतःच अ‍ॅडहीजन करते. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय साधनांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेने) २०१७ पासून असे मोजे बंद केले, त्यामागे हेही एक कारण होतं.

फायब्रिनोजेन

जुना_टाका यांच्याशी सहमत, पण मी असतो तर घासणं सोडून इस्केमिक (रक्तपुरवठा तोडलेल्या) बटणांकडे गेलो असतो. भिंतीवरचं पेरिटोनियम हिमोस्टॅटच्या चिमटीत उचलायचं आणि बुडाशी ४-० सिल्कने (रेशमी टाक्याच्या दोऱ्याने) बांधायचं. पाचेक मिलिमीटरची गाठोडी तयार होते, रक्त तुटतं. अशी दोन्ही बाजूंना मिळून चार किंवा सहा. रक्त तुटलेल्या भागात फायब्रिन विरघळवणारं टीपीए कमी पडतं, त्याला रोखणारं पीएआय-१ वाढतं आणि फायब्रिनवर फायब्रोब्लास्ट (व्रणाचे तंतू बनवणाऱ्या पेशी) येऊन बसतात. कंट्रोलमध्ये बहुतेक बटणं चिकटलेली मिळतात आणि किती चिकटली एवढंच मोजायचं असल्याने स्कोअरची भांडणं कमी.

एक सापळा मात्र आहे. सहा रॅटमध्ये सहा-सहा बटणं म्हणजे एन (नमुन्यांची संख्या) छत्तीस नव्हे. एन सहाच. एका पोटातली बटणं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. हे छापून आलेल्या पेपरांतही सर्रास चुकलेलं दिसतं.

पिंजऱ्याबाहेर

मेलॉक्सिकॅमबद्दल: हो, परिणाम होऊ शकतो. मेलॉक्सिकॅमसारखी सूज कमी करणारी औषधं प्राण्यांमध्ये अ‍ॅडहीजन कमी करतात असे बरेच प्रयोग आहेत, त्यामुळे तुमचा कंट्रोलही अर्धवट उपचार घेतोय असं समजा. पण म्हणून वेदनाशामकच बंद करू नका, कृपया. ब्युप्रेनॉर्फिन (अफूवर्गातलं वेदनाशामक) द्या आणि सगळ्या गटांना सारखंच. त्यावर काही रॅट पिंजऱ्यातला भुसा खातात, तेव्हा वजनं रोज घ्या आणि भुशाऐवजी कागदी अंथरूण घाला. कातडीचे टाके आतून घ्या, नाहीतर कुरतडतील आणि मग पोटात जंतू गेल्याने चिकटलं की तुमच्या घासण्याने, हे कळायला मार्ग नाही.

सीकमवाला

खूप आभार! सीकम सरकण्याचा विचारच केला नव्हता. बटणांबद्दल शंका: भिंतीवरच्या उंचवट्यांवर जेल टिकेल का? आणि एक परीक्षक म्हणाले की रॅटमध्ये चाललं तरी काय, थेट डुकरात करा.

फायब्रिनोजेन

जेल टिकत नसेल तर तीही माहितीच आहे, खऱ्या पोटात सपाट जागा कुठे असते? पण पातळ जेल असेल तर सीकम-भिंत मॉडेल ठेवा, जुना_टाका म्हणतात तसं अडकवून. जेल लावायचं की सलाईन हे जखम करून झाल्यावर चिठ्ठीचं बंद पाकीट उघडून ठरवा. आधी माहीत असलं की हात नकळत हलका पडतो.

जुना_टाका

डुकराचं पोट माणसाच्या मापाचं, दुर्बिणीने शस्त्रक्रिया करता येते, जेल फवारायचं उपकरण तपासता येतं. त्या टप्प्याला ते हवंच. पण यंत्रणा समजून घ्यायला ते महागडं आणि अवजड. जनुकं बदललेले प्राणी हवेत तर माऊस, गर्भाशयाचा प्रश्न असेल तर रॅट किंवा सशाचं युटेराइन हॉर्न (गर्भाशयाची शिंगासारखी फांदी). तुमचा प्रश्न "हे जेल चिकटणं थांबवतं का" एवढाच असेल तर रॅट पुरे.

परीक्षकांना दुसरं उत्तर द्या. सेप्राफिल्मच्या (चिकटणं रोखण्यासाठी पोटात ठेवायच्या पातळ पापुद्र्याच्या) १९९६ च्या मानवी चाचणीत चिकटण्यापासून पूर्ण मुक्त रुग्ण ६ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. २००६ मधल्या मोठ्या चाचणीत मात्र आतडं अडण्याचं एकूण प्रमाण दोन्ही गटांत सारखंच निघालं. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल इतकं अडणं तेवढं ३.४ वरून १.८ टक्क्यांवर आलं. स्कोअर सुधारणं आणि रुग्णाचं भलं होणं यांत एवढं अंतर पडतं, आणि डुक्कर वापरल्याने ते आपोआप मिटत नाही. म्हणून निष्कर्षात "चिकटणं कमी झालं" एवढंच लिहा, "आतडं अडणं टळेल" असं नको.

पिंजऱ्याबाहेर

आणि सातव्या दिवशी पोट जुन्या टाक्यांवरून उघडू नका. रॅट नर असतील तर तिथे एपिडिडिमिसची (वृषणाला लागून असलेल्या नळीभोवतालची) चरबी हमखास चिकटलेली असते; कात्री लागली की पुरावा गेला. बाजूंनी आणि खालून यू आकारात कापून भिंत वर उलटा, आधी फोटो, मग ओढून बघा. किती भाग चिकटला आणि किती घट्ट, हे दोन वेगळे आकडे ठेवा. स्कोअर देणाऱ्याला गट माहीत नको. जेलचा थर तोवर दिसत असेल तर मात्र तो माणूस आंधळा राहत नाही, त्यामुळे जेल किती दिवसांत विरतं हे एक-दोन रॅटमध्ये आधीच बघून घ्या.

सीकमवाला

जेल सात दिवसांनी पुसटसं दिसतं. मग चौदाव्या दिवशी उघडू का?

फायब्रिनोजेन

हो, चौदा चालेल. चिकटायचं की नाही हे पहिल्या आठवड्यातच ठरलेलं असतं, नंतर ते फक्त पक्कं होतं. दिवस सगळ्या गटांना तोच ठेवा.